धनको मुळात ऋणकोच

प्रभूची प्रार्थना : लेखांक ५

वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती एकत्र जमून इंग्रजीत प्रभूची प्रार्थना म्हणू लागले की सुरुवात छान एका सुरात होते. रोजच्या भाकरीच्या मागणीपर्यंत सारे ठीक चालते. पुढची ओळ आली की सूर फाटतो. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेतली मंडळी 'डेट्स' म्हणतात, अँग्लिकन आणि कॅथलिक 'ट्रेसपासेस' म्हणतात. दुसरा शब्द लांब, त्यामुळे पहिल्या गटाला क्षणभर थांबावे लागते. मग घसा खाकरून सगळे पुन्हा बरोबर चालू लागतात.

हा अडखळण्याचा प्रसंग हसून सोडून देण्यासारखा वाटतो. पण प्रार्थना नेमकी तिथेच अडखळते याला कारण आहे. देवापुढे उभा असलेला माणूस नेमका कोण, गुन्हेगार की कर्जदार? आधीच्या लेखांकात 'भाकर' पाहिली. या वेळी तिच्या पाठोपाठ येणारी ऋणाची मागणी.

एका शब्दाची दोन खाती

मूळ ग्रीकमध्ये ही प्रार्थना दोन ठिकाणी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, शब्द आहे 'ऑफेइलेमाता'. त्याचा अर्थ सरळ व्यवहारातला: देणी. लूकच्या अकराव्या अध्यायात तिथे 'पापे' असा शब्द येतो. म्हणजे लूकने बदल केला, पण अर्धाच. कारण त्याच वाक्याच्या उत्तरार्धात, आपण ज्यांना क्षमा करतो त्यांच्यासाठी, लूकही 'आपले देणे लागणारा' असेच म्हणतो. जुन्या शब्दावर नवा रंग दिला आणि एक कोपरा तसाच राहिला, असे काहीसे. यावरून अनेक अभ्यासक असे मानतात की मूळ मागणी कर्जाचीच होती.

येशू बोलत होता ती भाषा अरामी. तिच्यात 'होबा' हा एकच शब्द कर्जालाही चालतो आणि पापालाही. ग्रीक वाचकाला पाप म्हणजे कर्ज हे समजावून सांगावे लागले असेल. अरामी बोलणाऱ्याला त्याची गरज नव्हती. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठातले गॅरी अँडरसन यांनी २००९ साली आलेल्या पापाच्या इतिहासावरील ग्रंथात हा प्रवास तपशिलाने मांडला आहे. जुन्या हिब्रू लेखनात पाप हे बहुधा ओझे असते. ते वाहावे लागते, कुणाच्या तरी पाठीवर लादून रानात सोडावे लागते. अरामी भाषेचा प्रभाव वाढला तशी ओझ्याची जागा खातेवहीने घेतली.

मराठी माणसाला हे फारसे परके वाटू नये. 'अपराध माफ' आणि 'कर्ज माफ', दोन्हीकडे क्रियापद एकच. 'कर्जमाफी' हा शब्द तर वर्तमानपत्रांनी इतका घासला आहे की त्यात 'माफी' आहे हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. उपकार आपण 'फेडतो', आईवडिलांचे पांग 'फेडतो', आणि सूड घ्यायचा झाला तर 'हिशेब चुकता' करतो. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात मत्तयाच्या या ओळीत 'ऋण' आणि 'ऋणी' हेच शब्द आहेत.

इतर भाषांत मात्र बरीच ओढाताण झाली. विल्यम टिंडलने १५२६ च्या इंग्रजी नव्या करारात 'ट्रेसपासेस' घातले, १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाने ते उचलले आणि लोकांच्या तोंडी तेच बसले. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात मत्तयाच्या ओळीत 'डेट्स' परतले, तरी अर्धे जग पाठ झालेलेच म्हणत राहिले. जर्मनांचा 'शुल्ड' अरामीसारखाच दुहेरी, दोषही आणि देणेही. स्पेनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत 'देणी' होती. १९८८ मध्ये तिथल्या कॅथलिक चर्चने ती काढून 'आगळिकी' अशा अर्थाचा शब्द आणला.

शब्द बदलला की चित्रही बदलते. आगळीक ही घडून गेलेली घटना असते. कर्ज मात्र चालू असते. रात्री झोपेतही त्यावर व्याज चढते.

गालीलमधले कर्ज

येशूचे श्रोते कर्ज म्हणजे काय ते पुस्तकातून शिकलेले नव्हते. एक पाऊस हुकला की बियाण्यासाठी उसने, ते फिटले नाही की शेत गहाण, शेत गेले की मजुरी, आणि सगळ्यात शेवटी स्वतःची मुले. जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे धावत येते ती याच भीतीने: धनको तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला येतो आहे. नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमचे लोक हीच तक्रार स्वतःच्याच भाऊबंदांविरुद्ध करतात.

त्यावर नियमशास्त्राने उपाय सांगितला होता. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायानुसार दर सातव्या वर्षी कर्ज सोडायचे. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायानुसार पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, जमीनही मूळ कुटुंबाकडे परत जायची. कागदावर हे फार सुंदर होते. व्यवहारात, सातवे वर्ष जवळ आले की कुणी कर्जच देईना. म्हणून हिल्लेल या थोर धर्मगुरूने 'प्रोझबुल' नावाचा तोडगा काढला: कर्जाची वसुली न्यायालयाकडे सोपवायची, म्हणजे ते खाजगी कर्ज राहत नाही आणि सातव्या वर्षाची सूट त्याला लागत नाही. गरिबाला कर्ज मिळत राहिले, पण कर्जमुक्तीचे वर्ष आले तरी देणे उभेच राहू लागले.

मृत समुद्राजवळच्या मुरब्बाअत गुहांत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एक अरामी कर्जरोखा सापडला. नीरो बादशहाच्या दुसऱ्या वर्षातला, म्हणजे इ.स. ५५-५६ चा. रक्कम लहान, वीस जुझ, साधारण वीस दिवसांची मजुरी. तरी कर्जदाराने त्यात लिहून दिले आहे की हे वर्ष सुटीचे असले तरी मी पैसे फेडीन, आणि फेडले नाहीत तर माझ्या मालमत्तेतून वसूल करावेत. ज्या पिढीत ही प्रार्थना तोंडोतोंडी पसरत होती त्याच पिढीतला हा कागद. त्याच्याशेजारी प्रार्थनेची ती ओळ ठेवून वाचली की तिच्यात भाबडेपणा शिल्लक राहत नाही.

आणखी दहा वर्षांनी, इ.स. ६६ मध्ये, यरुशलेममध्ये रोमविरुद्ध बंड पेटले तेव्हा बंडखोरांनी ज्या इमारतींना आग लावली त्यांत कर्जरोख्यांचे दप्तरही होते. जोसीफस हा इतिहासकार कारणही देतो: सावकारांचे पुरावे नष्ट करायचे आणि कर्जदारांना आपल्या बाजूला वळवायचे. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे बाहेर काढून जाळली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या आगीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

सहा कोटी आणि शंभर

पेत्र हिशेबी माणूस. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तो येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? स्वतःच्या मते त्याने आकडा सढळ हाताने लावला होता. येशूचे उत्तर ग्रीकमध्ये दोन तऱ्हांनी वाचता येते: सत्त्याहत्तर वेळा, किंवा सातांच्या सत्तर पट. आकडा कुठलाही घ्या, ज्यू श्रोत्याच्या कानात त्याबरोबर एक जुने नाव वाजले असणार. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाचा वंशज लामेख आपल्या दोन बायकांपुढे फुशारकी मारतो की त्याचा सूड सत्त्याहत्तर पट असेल. सूडाचा तो आकडा येशूने क्षमेच्या खात्यावर चढवला.

मग दाखला येतो. एक राजा चाकरांचा हिशेब घ्यायला बसतो. एका चाकराकडे दहा हजार तालांत येणे निघते. त्याला, त्याच्या बायकोमुलांना आणि चीजवस्तूला विकून वसुली करा असा हुकूम होतो. तो पाया पडतो, मुदत मागतो. राजाला दया येते आणि तो सगळेच कर्ज सोडून देतो. चाकर बाहेर पडतो तोच त्याला दुसरा चाकर भेटतो, त्याच्याकडे शंभर दीनार येणे असतात. हा त्याचा गळा धरतो. तो पाया पडतो, मुदत मागतो. हा त्याला तुरुंगात टाकतो.

इथे थोडे गणित केलेच पाहिजे, कारण दाखल्याचा सारा जोर आकड्यांत आहे. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर दोन लाख वर्षे. जोसीफसच्या नोंदीनुसार हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून वर्षाला दोनशे तालांत महसूल मिळे. म्हणजे चाकराचे कर्ज त्या राज्याच्या पन्नास वर्षांच्या उत्पन्नाइतके. आजच्या हिशेबात रोजंदारी पाचशे रुपये धरली, तर दुसऱ्या चाकराचे देणे पन्नास हजार रुपये आणि पहिल्याचे तीन हजार कोटी.

शंभर दीनार ही थट्टेची रक्कम नाही, हे मात्र विसरू नये. तीन-साडेतीन महिन्यांची कमाई कुणी बुडवली तर कुणाचेही डोके फिरेल. दाखला असे म्हणत नाही की तुमचे नुकसान झालेच नाही. तो फक्त म्हणतो, दुसरी चिठ्ठीही खिशात आहे, ती काढून शेजारी ठेवा.

अजून एक बारकावा. दोन्ही चाकर जवळपास तेच शब्द बोलतात: थोडा धीर धरा, मी फेडतो. दुसऱ्याचे आश्वासन पाळता येण्याजोगे आहे. पहिल्याचे हास्यास्पद आहे. दोन लाख वर्षांची मुदत कोण देणार? आणि तरीही राजाकडून मुदत मागणाऱ्याला मिळते ती माफी. बिचाऱ्या चाकराच्या बहुधा हेच लक्षात आले नाही. तो दरबारातून बाहेर पडला तेव्हा अजून मुदतीवर सुटलेल्या माणसासारखाच वागत होता, पैसे गोळा करण्याच्या घाईत.

शेवट कठोर आहे. इतर चाकर राजाला खबर देतात, माफी रद्द होते, आणि पूर्ण रक्कम फिटेपर्यंत त्याला यातना देणाऱ्यांच्या हवाली केले जाते. देवाची क्षमा बिनशर्त की सशर्त, हा वाद या शेवटावरून पुष्कळ चालला आहे. मत्तयाने तो टाळलेला नाही. प्रार्थना संपताच सहाव्या अध्यायात तो साऱ्या मागण्यांपैकी फक्त याच एका मागणीवर खुलासा जोडतो आणि तिथेही तेच सांगतो.

नुकसान कुणाच्या खात्यात?

सरकार कर्जमाफी जाहीर करते तेव्हा सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो, पण पैसे हवेत विरत नाहीत. बँकेला कुणीतरी ते भरून देतो. ख्रिस्ती धर्मविचारात हाच प्रश्न शतकानुशतके घोळत राहिला: देवाने ऋण सोडले, तर तूट कुणी सोसली?

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात एक ठसठशीत प्रतिमा आहे. तिथला शब्द 'खेइरोग्राफॉन', म्हणजे ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला रोखा. देवाने तो पुसला आणि वधस्तंभाला ठोकला, असे पत्र सांगते. त्या काळची काजळीची शाई ओल्या बोळ्याने पुसता येई आणि पपायरस पुन्हा वापरता येई. म्हणजे 'पुसणे' ही कविकल्पना नव्हती, सावकाराच्या पेढीवर घडणारी रोजची गोष्ट होती.

अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने या प्रतिमेचे काटेकोर तर्कशास्त्र बनवले. 'कुर देउस होमो', म्हणजे देव माणूस का झाला, हा त्याचा ग्रंथ १०९८ मध्ये पुरा झाला. त्यात तो बोसो नावाच्या शिष्याशी बोलतो. पाप म्हणजे देवाला जे देणे आहे ते न देणे. बोसो म्हणतो, पश्चात्ताप देईन, आज्ञापालन देईन. अन्सेल्म विचारतो, ते तर तू पाप केले नसतेस तरी देणेच होतेस, मग थकबाकीपोटी काय देणार? फेडायला हवे माणसाने, फेडण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून देव-मानव ख्रिस्त. पुढच्या पिढीतल्या पीटर आबेलारला हे पटले नाही. निरपराध माणसाचे रक्त किंमत म्हणून मागणारा देव त्याला क्रूर वाटला. ख्रिस्ताचे मरण म्हणजे माणसाच्या मनात प्रेम जागे करणारी कृती, असे त्याने मांडले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तर हिशेबापेक्षा आजार आणि औषध हीच भाषा जवळ केली.

आणि जिथे खातेवही आली तिथे दलालही आला. १५१७ मध्ये जर्मनीत योहान टेट्झेल दंडमाफीची पत्रे विकत फिरत होता. पैसे द्या, छापील कागद घ्या, मेलेल्या आप्तांचीही शिक्षा कमी होईल. त्यावर मार्टिन ल्यूथरने लिहिलेल्या ९५ प्रमेयांनी युरोप दुभंगला. वादाचा एक कणा असा की जे ऋण फेडताच येत नाही त्याची पावती विकतो कोण?

भारतीय वाचकाला इथे तैत्तिरीय संहितेतली तीन ऋणे आठवतील: ऋषींचे अध्ययनाने फेडायचे, देवांचे यज्ञाने, पितरांचे संततीने. तिथे फेडीचा मार्ग आखून दिलेला आहे. ख्रिस्ती कल्पनेत फेड संपतच नाही, म्हणून सुटका मागावी लागते. मराठीत या सुटकेशी नाते सांगणारी एक वेगळीच गोष्ट आहे. महिपतींनी सांगितलेल्या चरित्रानुसार तुकोबांनी घरची कर्जखते काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. दुष्काळाने होरपळलेल्या कुळांकडे तगादा लावणारा कागदच उरला नाही. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. त्या सेतूखालून वाहणाऱ्या नदीत ती खतेही होती.

एक वर्गखोली, एक बस

२ ऑक्टोबर २००६. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले निकेल माइन्स. अमिश या ख्रिस्ती समाजाच्या एका खोलीच्या शाळेत शेजारच्याच वस्तीतला एक दूधगाडीवाला बंदूक घेऊन शिरला. त्याने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच मेल्या, आणि त्याने स्वतःला संपवले. काही तासांतच अमिश शेजारी मारेकऱ्याच्या बायकोच्या आणि आईवडिलांच्या घरी सांत्वनाला पोहोचले. त्याच्या दफनाला जमलेल्यांत निम्म्याहून जास्त अमिश होते. दहा दिवसांनी शाळा पाडण्यात आली आणि पुढच्या एप्रिलमध्ये जवळच नवी उभी राहिली.

पत्रकारांना हे कळेना. डोनाल्ड क्रेबिल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नंतर तिथे जाऊन पुष्कळ लोकांशी बोलून पुस्तक लिहिले, तेव्हा उत्तर पुन्हा पुन्हा एकच मिळाले: प्रभूची प्रार्थना. आम्ही क्षमा केली नाही तर आम्हाला ती मिळणार नाही, इतके साधे. त्यात थोरपणा मिरवण्याचा भाव नव्हता. उलट ती मंडळी सांगत की राग रोज उगवतो आणि क्षमा रोज नव्याने करावी लागते.

मध्य प्रदेशातली गोष्ट ऋणाच्या आणखी जवळची. राणी मरिया वट्टालिल मूळच्या केरळमधल्या पुल्लुवळ्ळीच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या जोगीण. १९९२ पासून त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला काम करत होत्या. भूमिहीन आदिवासींना सरकारी योजना समजावणे, बचत गट उभे करणे, बँकेचे कर्ज मिळवून देणे ही त्यांची कामे. बँकेची वाट कळली की सावकाराचे दार सुटते. ज्यांचे व्याज बुडत होते त्यांना हे सोसवले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या बसने इंदूरला निघाल्या होत्या. समंदर सिंह नावाचा तरुण त्याच बसमध्ये होता. त्याने वाटेत बस थांबवायला लावली आणि प्रवाशांच्या देखत त्यांच्यावर चाकूने पन्नासहून जास्त वार केले. कुणी मध्ये पडले नाही.

जन्मठेप भोगताना समंदर सिंह एका गोष्टीची वाट पाहत होता: बाहेर पडून, ज्याने हे काम करायला लावले त्याचा हिशेब चुकता करण्याची. त्याला तुरुंगात भेटत राहिले ते स्वामी सदानंद, संन्याशाच्या वेषात राहणारे एक कॅथलिक धर्मगुरू. मग ऑगस्ट २००२ मध्ये, रक्षाबंधनाच्या दिवसांत, राणी मरियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर राखी बांधली. चाकू धरणारा हात तोच होता.

कुटुंबाने आणि चर्चने सुटकेला संमती दिल्यावर २००६ मध्ये तो बाहेर आला. पुढच्या वर्षी तो केरळला गेला. राणी मरियांच्या म्हाताऱ्या आईने, एलिस्वांनी, त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मरियांना 'धन्य' घोषित करण्यात आले, तेव्हा समंदर सिंहही तिथे होता.

क्षमा कुणी मागायची, कुणी करायची

अशा कथा ऐकून ऐकून एक गैरसमज पक्का होतो: ख्रिस्ती माणसाने पोलिसांत जाऊ नये. ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमथी ही दोन मुले गाडीत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी जाहीरपणे क्षमा केली, बारीपाद्याच्या कुष्ठरोग्यांचे काम चालू ठेवले, २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण खटला चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. आपली क्षमा हा आपला विषय, कायदा हा सरकारचा, हा फरक त्यांनी नीट राखला होता.

मत्तयाचा अठरावा अध्यायही हेच दाखवतो. क्षमेच्या दाखल्याआधी तिथे चार ओळींची एक कार्यपद्धती आहे: अपराध करणाऱ्याला आधी एकट्याने गाठून दोष दाखव, ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार ने, तरी ऐकले नाही तर मंडळीसमोर मांड. म्हणजे तोंड उघडल्याशिवाय हिशेबच मांडला जात नाही. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय येशू घरी जेवायला आल्यावर नुसता रडत बसत नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो. चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांच्या चौकशा अनेक देशांत झाल्या, तेव्हा पीडितांना 'क्षमा करून टाका' असे सांगून गप्प केल्याच्या कहाण्या पुढे आल्या. ज्याचे येणे आहे त्याच्या वतीने तिसऱ्यानेच सूट जाहीर करायची, असा तो प्रकार.

तिसऱ्याचा हा प्रश्न सायमन वीझेन्थाल यांनी फार धारदार केला. छळछावणीत कैदी असताना त्यांना एका मरणासन्न नाझी सैनिकाच्या खाटेशी नेले गेले. त्याने ज्यूंना घरात कोंडून जाळल्याची कबुली दिली आणि एका ज्यूकडून क्षमा मागितली. वीझेन्थाल काही न बोलता खोलीबाहेर गेले. 'सूर्यफूल' या पुस्तकात त्यांनी जगभरच्या विचारवंतांना विचारले, तुम्ही काय केले असते? अनेक ज्यू उत्तरांचा रोख असा की मेलेल्यांच्या वतीने माफी देण्याचा अधिकार कुणालाच नाही. ख्रिस्ती उत्तरे जास्त सैल होती, आणि ती वाचताना सैलपणा कधी कधी टोचतो.

राणी मरियांच्या खात्यातही मुख्य धनको हयात नव्हत्या. सेल्मी पॉल यांनी बहिणीच्या मृत्यूची रक्कम सोडली नाही, ती त्यांची नव्हतीच. त्यांनी सोडले ते स्वतःचे येणे, बहीण गमावल्याचे. आणि त्यासाठी त्या उंचावरून खाली वाकल्या नाहीत. प्रार्थनेच्या भाषेत सांगायचे तर एका ऋणकोने दुसऱ्या ऋणकोचा हात धरला.

पौल रोमकरांस लिहिताना, तेराव्या अध्यायात, सांगतो की कुणाचे काहीही देणे ठेवू नका, एक सोडून: एकमेकांवर प्रेम करण्याचे. सारी खाती बंद झाल्यावरही ते एक उघडे राहते. राखी बांधून घेतली की भावाकडे ओवाळणी लागू होते. समंदर सिंहाच्या मनगटावर नंतरही वर्षानुवर्षे राखी बांधली जात राहिली, आणि उदयनगरच्या कबरीकडे त्याच्या फेऱ्या चालू राहिल्या.

पुढील लेखांकात : 'आम्हाला परीक्षेत आणू नकोस'. देव माणसाला मोहात घालतो का, या शंकेमुळे फ्रान्सच्या कॅथलिक चर्चने डिसेंबर २०१७ मध्ये प्रार्थनेची ही ओळच बदलली, त्याविषयी.